अर्ध्या वळणावरची तंबायी

डॉक्टर म्हणाले, "आवाज जाईल."

"कुणाकुणाचा?" कुंजंबू माशांनी, म्हणजे आमच्या मास्तरांनी, विचारलं.

डॉक्टरांना तो विनोद वाटला. ते थोडं हसले आणि पुन्हा कागदांकडे पाहू लागले. मी माशांच्या मागे उभा होतो. माश विनोद करत नव्हते. ते खरंच विचारत होते.

"गाठ स्वरयंत्रावर आहे," डॉक्टर म्हणाले. "सगळं काढावं लागेल. गळ्याला इथे भोक राहील, श्वास तिथून. जेवता येईल, चालता येईल. बोलता येणार नाही."

"आणि नाही काढलं तर?"

"तर काही महिने बोलता येईल."

माश माझ्याकडे वळले. म्हणाले, "बघ भट्टा, शेवटचं वाक्य कसं बरोबर जागी आलं. मुलांना हेच शिकवतो मी."

मंगळुरूहून कासरगोडला परत येताना बसमध्ये कंडक्टरने त्यांना ओळखलं. माशांनी याच रस्त्यावर कंडक्टर म्हणून आयुष्य काढलं होतं. तलपाडीपर्यंत ते कन्नडमधून गावं पुकारायचे, केरळची हद्द ओलांडली की मल्याळममधून, आणि मध्ये कुणी म्हातारी चढली तर तिच्यासाठी तुळूमधून. प्रत्येक भाषेत त्यांचा आवाज वेगळा असायचा. नवे प्रवासी दुसरा कंडक्टर कुठे बसलाय म्हणून मागे वळून बघायचे.

"माशे, आज एकदा पुकारा की," तो कंडक्टर म्हणाला. "पोरांना दाखवू, कसं असतं ते."

माशांनी तोंड उघडलं. "उप्पळ" एवढं निघालं, तेही घासून. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"वय झालं," कंडक्टर म्हणाला आणि पुढे गेला.

कंडक्टर होण्याआधी माश गावातल्या विडी सोसायटीत होते. विडी वळणाऱ्याचे हात गुंतलेले असतात, कान मोकळे. म्हणून तिथे एकजण मोठ्याने पेपर वाचायचा, आणि त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे वळून द्यायचे. माश वाचायचे. पण ते नुसतं वाचत नसत. मंत्र्याची बातमी आली की मंत्री व्हायचे, विरोधक आला की विरोधक. एका अपघाताच्या बातमीत ते लॉरीवाला झाले, पोलीस झाले आणि मेलेल्या माणसाची गायसुद्धा झाले. त्या दिवशी कुणाच्याच विड्या पुऱ्या झाल्या नाहीत, असं गावात अजून सांगतात.

पुढे शाळेने त्यांना बोलावलं. आमच्याकडे शाळांचा कलोत्सव असतो, त्यात मोनो ॲक्ट. एक मूल, रिकामा मंच. तोंडाला रंग नाही, कपडे बदलणं नाही, हातात काठीसुद्धा नाही. सुनेची सासू व्हायची असेल तर अर्धं वळायचं. वळलं की माणूस बदललं. माश मुलांना शब्द शेवटी द्यायचे. आधी पाय कुठे, मग खांदा कुठे, मग श्वास कुठे संपतो. स्पर्धेच्या वेळी शिकवणाऱ्याने मंचाजवळ जायचं नसतं. माश सभागृहाच्या अगदी मागे भिंतीला टेकून उभे राहायचे. मूल अडलं की उजव्या हाताची तर्जनी अर्धी फिरवायचे. बस, तेवढंच. वळ.

मीही त्यांच्या हाताखाली होतो. मला बी ग्रेड मिळाली. तेव्हा माश म्हणाले होते, "तू वळतोस छान. पण वळून बघतोस तर समोर पुन्हा तूच."

एम.ए.ला मी मोनो ॲक्टच्या मूळ शब्दावर, मोनोलॉगवर, निबंध लिहिला. मूळ ग्रीक, एकट्याचं बोलणं. मग तो शब्द गावोगाव गेला. युरोपात बहुतेक ठिकाणी तो मोनोलॉगच राहिला, कुठे शेवट ओढून, कुठे तोडून. जपानी लोकांनी त्याचा मोनोरोगु केला. गोव्यात पोर्तुगीजांबरोबर मोनोलोगु आला. आपल्याकडे दक्षिणेत आल्यावर मात्र गंमत झाली. तेलुगूत मोनो ॲक्शन. कर्नाटकात मोनो ॲक्टिंग. आमच्याकडे मोनो ॲक्ट. आमच्या घरी, कऱ्हाड्यांच्या मराठीत, आजोबा त्याला स्वगत म्हणायचे आणि पोरांचा हा प्रकार पाहून म्हणायचे, हे स्वगत नव्हे, ही बाजारपेठ.

हे सगळं मी माशांना त्यांच्या ओसरीवर वाचून दाखवलं होतं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"म्हणजे ग्रीसहून निघताना त्यात बोलणं होतं?"

"हो. अर्धा शब्द बोलण्याचाच."

"आणि इथे पोचेपर्यंत ते उतरलं. मधल्या कुठल्यातरी स्टॉपला." ते हसले. "बरं झालं. एकटा बोलतो तो वेडा, नाहीतर पुजारी. माणूस बोलतो ते कुणाकडे तरी वळून."

आतून तंबायेच्ची म्हणाली, "आणि तुम्ही वळता ते..." मग थोडं थांबून, "...जेवायच्या वेळेला."

तंबायी त्यांची बायको. मी तिला येच्ची, म्हणजे ताई म्हणायचो. ती अजून विड्या वळायची, सोसायटी बंद पडल्यावर घरी बसून, दुसऱ्या कुणासाठी तरी. मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू आणि गुलाबी दोरा. बाकीच्या बायका दोरा नखाने तोडतात. ती दातांनी तोडायची. त्यामुळे तिचं प्रत्येक वाक्य मध्ये थांबायचं. मान खाली, दोरा दातात, कट्, मग उरलेलं वाक्य. सोसायटीत असताना माशांच्या वाट्याच्या विड्या बहुतेक तीच वळायची. तिथूनच लग्न जमलं.

एका लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, मांडवात, माशांनी तिचं सोंग घेतलं. मान खाली, दात, कट्, उरलेलं वाक्य. लोक हसून हसून खाली बसले. ती वाढत होती. तीही हसली. मग गावच्या देवळात तेय्यम आलं. देव अंगात आलेल्या त्या लाल माणसासमोर रांग लागली. तिची पाळी आली तेव्हा तिने माशांचा हात धरून पुढे ओढला.

"देवा, यांना सांगायला सांग," ती म्हणाली. "माझं सोंग पुन्हा घेणार नाही म्हणून."

माश म्हणाले, "घेणार नाही." तेय्यमाने त्यांच्या तळहातावर हळद ठेवली.

त्यांनी पुन्हा कधीच घेतलं नाही. ती गेली तरीही नाही. तिचा आवाज कुठेच राहिला नव्हता. फोनमध्ये फोटो होते. एक व्हिडिओ होता. त्यात ती काहीतरी सांगतेय, पण मागे मिक्सर चालू आहे. शेवटी ती हाताने खूण करते, बंद कर. आणि तो बंद होतो.

तिची मुलगी प्रजिषा कण्णूरला एका लॅबमध्ये काम करते. वडिलांना ती अच्छन म्हणते. तपासणीचा निकाल कळला तशी ती रजा टाकून आली. पहिला दिवस तिने भांडी घासण्यात घालवला, घासलेली भांडीसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा तिघांसाठी काळा चहा ठेवून तिने फोन माशांच्या समोर उभा केला, चहाच्या डब्याला टेकवून.

"अच्छन, एकदा."

माशांना कळलं. मलाही कळलं.

"शपथ आहे," ते म्हणाले.

"शपथ घालणारी गेली."

"म्हणून तर मोडता येत नाही. असती तर विचारून मोडली असती."

"तुम्ही अख्ख्या पंचायतीचे आवाज काढता. तो मेलेला शिक्षणाधिकारी, त्याचा काढता. तो कोण लागतो माझा?"

"त्याने मला शपथ घातली नव्हती. घालायला हवी होती."

"हसवू नका. ऑपरेशन झालं की संपलं. तुमच्याबरोबर तीही जाणार. तुम्हाला कळतंय का?"

"मला डॉक्टरच्या आधी कळलं."

"मग?"

माशांनी चहाचा घोट घेतला. गिळताना त्यांचा गळा थांबला आणि मग हलला. श्वासाला आता बारीक शीळ यायला लागली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाट अरुंद होतेय, दिलेली तारीख चुकवू नका, पुढची महिन्याभराने मिळेल आणि तोवर काय होईल सांगता येत नाही.

प्रजिषा माझ्याकडे वळली. "आणि तू काय बघत बसलायस? समजाव की. एम.ए. कशाला केलंस?"

मी म्हणालो, "माशे, तिचं म्हणणं..."

"तू बोलू नकोस," माश म्हणाले. "तुला बी ग्रेड आहे."

तेवढं बोलून ते उठून विहिरीकडे गेले. प्रजिषाने फोन उचलला आणि तो व्हिडिओ लावला. ओसरीभर मिक्सर ऐकू येत राहिला. विहिरीपाशी माश पाठमोरे उभे होते. त्यांनी वळून पाहिलं नाही.

मला वाटलं, संपलं. ती आता त्यांच्याशी बोलणार नाही, आणि ते लवकरच कुणाशीच.

दुसऱ्या दिवशी माशांनी माळ्यावरून सूप काढलं. पुसलं. कुठूनतरी पानं आणली, दोऱ्याचं रीळ आणलं. सूप प्रजिषासमोर ठेवलं.

"बस."

"काय हे?"

"मी तिच्यासारखं बोलणार नाही. एक शब्दही नाही. पण मी शिकवू शकतो. तुला कुणी शपथ घातलेली नाही."

"मला नाही येत असलं काही. शाळेतसुद्धा आलं नाही."

"शाळेत तू माझी मुलगी होतीस. इथे तिची आहेस. बस."

ती बसली. माश भिंतीला टेकून उभे राहिले, सभागृहात राहायचे तसे. त्यांनी तिला शब्द दिले नाहीत. आधी पान कापायला लावलं. मग वळायला. मग दोरा. हे तिला येत होतं, लहानपणी आईशेजारी बसून तिने केलं होतं. मग म्हणाले, आता काहीही बोल, घरातलं.

"पाणी तापलंय..." तिने दोरा दातात धरला, थांबली, तोडला. "...अंघोळ करून घ्या."

"ही नक्कल झाली."

"मग काय हवंय?"

"तू थांबायचं म्हणून थांबतेस. ती थांबत नव्हती. दोरा तुटत नव्हता म्हणून वाक्य अडायचं. तिला घाई असायची."

पुन्हा. पुन्हा. ते शिकवताना किती कठोर होतात हे मी विसरलो होतो. खांदा. मान. इतकी नाही खाली. श्वास नाकाने, दातात दोरा आहे. त्यांचा स्वतःचा आवाज दिवसागणिक कमी होत होता. आधी खरखर, मग नुसता वारा. शेवटी शेवटी ते बोलायचंच टाळून तर्जनीने सांगत होते. प्रजिषाचे ओठ दोऱ्याने कापले. विड्यांचा ढीग झाला, त्या कुणी ओढणार नव्हतं. आणि तंबायी काही येत नव्हती. जे ऐकू येत होतं ते मला भीतीदायक वाटायचं. ओळखीच्या घरात कुणीतरी अनोळखी माणूस वावरतोय तसं.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी तिने सूप भिरकावलं. पानं अंगणभर पसरली.

"माझ्या तोंडात आई नाही," ती म्हणाली. "मान्य करा. नाहीये."

माश वाकले आणि एकेक पान गोळा करू लागले. मीही वाकलो. ते पुटपुटले, इतकं हळू की मी त्यांच्या ओठांवरूनच वाचलं. "भट्टा, पानं वाया घालवू नकोस. तिला आवडायचं नाही."

दवाखान्यातल्या सकाळी पहिलं ऑपरेशन त्यांचंच होतं. काही खायचं नाही, पाण्याचा थेंब नाही, हे नर्सने संध्याकाळीच दोनदा सांगितलं होतं आणि खाटेला कन्नडमध्ये पाटी लावली होती. माशांनी ती वाचून माझ्याकडे पाहिलं आणि घशातून वारा सोडत म्हणाले, "उपवास. तेय्यमाच्या आधी करतात तसा."

मग म्हणाले, "तुझा तो शब्द आठवतो रे. बोलणं उतरलं तरी बस चालूच राहिली होती ना?"

"हो माशे. इथपर्यंत आली."

"बरं."

ऑपरेशनचा हिरवा अंगरखा त्यांना घातला होता. पाठीमागची एक नाडी तुटली होती. प्रजिषाने पर्समधून सुई-दोरा काढला आणि त्यांच्या मागे स्टुलावर बसून ती नाडी टाचू लागली. आदल्या दुपारपासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती.

शेजारच्या खाटेवर उप्पळचे एक आजोबा होते. त्यांची बायको, आयशाबी, थर्मासमधून काळा चहा ओतत होती. आमच्याकडे चहा ओतला की समोरच्याला दिल्याशिवाय ओतणारा पीत नाही, आणि दिलेला पेला परत करणं म्हणजे तोंडावर दार लावणं. आयशाबीने नवऱ्याला दिला, मला दिला आणि बोलता बोलता माशांच्या हातात दिला. पाटी कन्नडमध्ये होती, तिला वाचता येत नव्हतं.

माशांना येत होतं. पण त्यांनी तो पेला घेतला. सगळं आयुष्य घेतला तसा. "उपकार," असं काहीतरी त्यांच्या ओठांनी म्हटलं आणि पेला वर गेला.

मी बघत होतो. माझ्या हातातही पेला होता. एक घोट, आणि ऑपरेशन रद्द. मग महिनाभर तो शीळ घालणारा श्वास. हे सगळं मला एका क्षणात दिसलं आणि माझ्या तोंडून काहीही निघालं नाही.

"अहो, ते आधी..."

कट्.

"...खाली ठेवा."

पेला ओठांशी थांबला.

माझ्या हातातला चहा माझ्या पायावर सांडला. तो आवाज मी लहानपणापासून ऐकला होता. फणसाचे गरे हातावर ठेवताना, अंगणातून हाकलताना, माझ्या निबंधाच्या मध्ये. मान खाली, दातात दोरा, वैतागलेला, घाईतला. मी वॉर्डभर पाहिलं. खरंच पाहिलं, ती कुठे आहे म्हणून.

प्रजिषाची मान खाली होती. सुई हातात. ओठांवर दोऱ्याचं टोक. तिने बापाला कधी अहो म्हटलं नव्हतं. मग तिने मान वर केली, आणि आपण काय बोललो ते तिला तेव्हा कळलं.

आयशाबी म्हणाली, "अगं बाई, यांना नाही का द्यायचा? मला मेलीला काय कळणार." आणि तिने पेल्यासाठी हात पुढे केला.

माशांनी पेला तिच्या हातात दिला. हळू, एक थेंबही न सांडता. मग खाटेवर बसल्या बसल्या ते वळले. आधी पाय, मग खांदा. अर्धं वळण. मी त्यांना शेकडो वेळा वळताना पाहिलं आहे. प्रत्येक वेळी वळणाच्या पलीकडे कुणीतरी दुसरा निघायचा, मंत्री, लॉरीवाला, सासू. या वेळी पलीकडे कुणीच नव्हतं. ते स्वतःच होते.

"ठेवला," ते म्हणाले. खरखरीत, पण ऐकू येईल असं. त्यात कितीतरी दिवसांची ताकद गेली असावी. "रागावू नकोस, तंबायी."

प्रजिषाचे डोळे भरले होते. ती रडेल असं वाटलं. पण ती त्यांचीच विद्यार्थिनी होती. तिने मान पुन्हा खाली घातली, नाडी टाचून झाली होती तरी दोरा पुन्हा दातात धरला.

"रागावत नाही. पण परत..." कट्. "...लवकर या."

माश हसले. आवाज न होता. नर्स स्ट्रेचर घेऊन आली आणि विचारलं, काही खाल्लं-प्यालं नाही ना. आम्ही तिघंही नाही म्हणालो. आयशाबी सर्वांत मोठ्याने म्हणाली.

त्यानंतर आम्ही ऑपरेशन थिएटरच्या दारासमोर बाकावर बसून राहिलो. मी साहित्य शिकलो आहे. मी प्रजिषाला काहीतरी सांगायला हवं होतं.   तिने सुई पर्समध्ये ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली.

"मी काय केलं?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"पुन्हा आलं नाही तर?"



त्यांना बाहेर आणलं तेव्हा दिवस कलला होता. गळ्यावर जाड पट्टी, मध्ये नळी. श्वास तिथून येत होता, वेगळ्याच आवाजाचा. शीळ गेली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी डोळे नीट उघडले. नर्सने पाटी आणि खडू उशाशी ठेवला होता, काही हवं असेल तर लिहायला. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. ते प्रजिषाकडे पाहत राहिले.

ती खाटेशेजारी उभी होती. तिचे ओठ अजून फुटलेले होते.

माशांनी उजवा हात चादरीवरून थोडा उचलला. तर्जनी अर्धी फिरवली.

प्रजिषाने माझ्याकडे पाहिलं. मग स्टूल ओढलं, बसली, आणि मान खाली घातली.